कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर सातशे किलोमीटर, मग वेळ दीड तास का?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित मांडलं तर उत्तर येतं ५२-५३ मिनिटं. प्रत्यक्षात एवढ्या अंतरासाठी जेटच्या वेळापत्रकात दीड तासाच्या जवळपास वेळ धरतात, आणि विमान पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरवर चालणारं असेल तर पावणेदोन ते दोन तास. मधला अर्धा-पाऊण तास कुठे जातो? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण लहान शहरांना जोडणाऱ्या विमानसेवेचं सगळं अर्थशास्त्र याच अर्ध्या-पाऊण तासात आहे. आणि डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाला, दीक्षाभूमीला किंवा नोकरी-शिक्षणासाठी राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांना आपला दिवस नेमका किती लागणार, हे आधी कळायला हवं.

आधी अंतराचं पाहू, कारण इथेच तीन वेगवेगळे आकडे समोर येतात. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघून पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा मोठा वळसा घेत नागपूरला पोहोचते. हे अंतर १,२०० किलोमीटरहून जास्त आहे आणि त्याला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या बाजूने रस्त्याने गेलं तर अंतर साडेआठशे ते नऊशे किलोमीटरच्या घरात. आणि हवेतलं सरळ अंतर ७००. तिन्ही आकडे खरे आहेत, मोजायच्या वाटा वेगळ्या आहेत.

हे ७०० येतात कुठून, हे तुम्ही कागदावर करून पाहू शकता. कोल्हापूर विमानतळ सुमारे १६ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश १७ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा २१ अंश ६ मिनिटं उत्तर आणि ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. वैमानिक अंतर किलोमीटरमध्ये नाही, सागरी मैलात मोजतात, आणि सागरी मैलाची मोठी सोय अशी की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतला फरक ४ अंश २६ मिनिटं, म्हणजे २६६ मिनिटं. तेव्हा नागपूर कोल्हापूरच्या २६६ सागरी मैल उत्तरेला. रेखांशांतला फरक ४ अंश ४६ मिनिटं, म्हणजे २८६ मिनिटं. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून १९ अंश अक्षांशाच्या पट्ट्यात या आकड्याला ०.९४५ ने गुणावं लागतं. उत्तर २७०. म्हणजे नागपूर २६६ मैल उत्तरेला आणि २७० मैल पूर्वेला. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा: ३७९ सागरी मैल, किलोमीटरमध्ये सुमारे ७०२.

पृथ्वी गोल असल्याने काटेकोर हिशेबाला गोलावरचं त्रिकोणमिती सूत्र लागतं. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचं असेल तर त्याने फार मोठा फरक पडतो. सातशे किलोमीटरला तो नगण्य असतो, म्हणून आपलं शाळेतलं पायथागोरसही इथे पुरतं.

या गणितातून आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागते. उत्तरेचं आणि पूर्वेचं अंतर जवळजवळ सारखं आहे, म्हणजे नागपूर कोल्हापूरच्या बरोबर ईशान्येला आहे. नकाशावर पट्टी ठेवून ही रेघ ओढली, तर ती सांगोला आणि पंढरपूरच्या जवळून जाते, परळी वैजनाथ डाव्या हाताला थोडं दूर ठेवते, गंगाखेडच्या आसपास गोदावरी ओलांडते, पुढे पैनगंगा ओलांडून पुसद, यवतमाळ आणि वर्ध्याच्या शेजारून नागपुरात शिरते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ एका रेघेत. ही गावं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

विमान रेघेवरून का जात नाही

विमान मात्र या रेघेवरून काटेकोरपणे उडत नाही. आकाशात ठरवून दिलेले मार्ग असतात, त्यांवर नावं दिलेले बिंदू असतात, आणि विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातं. काही भाग हवाई दलासाठी राखीव असतो, मोठ्या विमानतळांच्या आसपास येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या रांगा वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि जून ते सप्टेंबरात ढगांचे उंच मनोरे टाळायला वैमानिक परवानगी मागून वीस-तीस किलोमीटर बाजूला जातो. त्यामुळे सरळ अंतरात पाचेक टक्के मिळवून चालायचं. आपले ७०२ किलोमीटर मग ७४० च्या आसपास होतात. नियंत्रकाने मधले बिंदू सोडून थेट पुढच्या बिंदूकडे जाऊ दिलं तर यातलं थोडं वाचतंही.

चढण आणि उतरण

पण हरवलेल्या वेळाचं मोठं कारण या वाकड्या वाटेत नाही. ते चढण्या-उतरण्यात आहे.

ताशी ८०० किलोमीटर हा वेग विमानाला फार उंचावर गेल्यावर मिळतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा विरळ असते, अडथळा कमी, इंधन कमी, म्हणून तिथे वेगाने उडणं परवडतं. खाली दहा हजार फुटांच्या आत तर नियमानेच वेग २५० नॉटच्या आत ठेवायचा असतो. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि जमिनीजवळ हे २५० नॉट म्हणजे ताशी ४६० किलोमीटर. एम्ब्राएर १७५ सारखं ७०-८० आसनांचं जेट कोल्हापूरहून उडून ३३-३४ हजार फुटांवर पोहोचेपर्यंत साधारण १८ ते २० मिनिटं जातात आणि तेवढ्यात २०० किलोमीटर मागे पडलेले असतात. म्हणजे विमान पूर्ण उंचीवर स्थिरावतं तेव्हा पंढरपूर मागे गेलेलं असतं.

उतरण्याचा हिशेब तर त्याहून सोपा. वैमानिकांचा तोंडी नियम आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. ३४ हजारांवरून तिथे यायचं म्हणजे ३३ हजार फूट उतरायचे, म्हणजे ९९ सागरी मैल, १८३ किलोमीटर. आता रेघेवरची गावं आठवा. पुसद ओलांडून थोडं पुढे गेलं की विमान उतरणीला लागतं. प्रवाशाला ते जाणवतं, कारण इंजिनांचा आवाज एकदम मऊ होतो आणि कानात दडे बसू लागतात. यवतमाळ, वर्धा हे सगळं उतरता उतरताच जातं.

आता हिशेब जुळवा. सुमारे ७४० किलोमीटरमधले २०० चढण्यात, १८० उतरण्यात. पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगात विमान उडतं ते फक्त साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे पंढरपूरच्या पुढून पुसदपर्यंत. त्याला लागतात २५-२६ मिनिटं. ज्या वेगाच्या भरवशावर आपण ५२ मिनिटांचं गणित मांडलं, तो वेग विमानाला निम्म्या वाटेवरही मिळत नाही.

म्हणूनच लांबच्या उड्डाणाचा सरासरी वेग नेहमी जास्त दिसतो आणि जवळच्या उड्डाणाचा कमी. अंतर निम्मं केलं तर वेळ निम्मा होत नाही, कारण चढणं-उतरणं तेवढंच राहतं. विमान कंपन्यांसाठी ही गोष्ट निर्णायक असते. दर उड्डाणाला इंधनाचा मोठा वाटा चढण्यात जळतो, आणि आसनं मात्र ७०-८०च. आखूड मार्गावरचं तिकीट अंतराच्या मानाने महाग वाटतं, त्याचं मूळ इथे आहे.

पंख्याच्या विमानांचा जमाखर्च निराळा. एटीआर ७२ हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या थोडं पुढे-मागे उडतं, म्हणजे जेटपेक्षा बरंच हळू. पण ते १७-१८ हजार फुटांवरच समाधानी असतं. त्याची चढण साधारण १५ मिनिटांची, ९० किलोमीटरची. उतरणही तेवढ्याच अंतराची. कोल्हापूर–नागपूरला मग साडेपाचशे किलोमीटर त्याला आपल्या पूर्ण वेगाने जाता येतं, त्यात तासाहून थोडा जास्त वेळ जातो. सगळं मिळून पावणेदोन ते दोन तास. जेटचा कमाल वेग दीडपटीहून जास्त असूनही इथे ते फक्त २५-३० मिनिटं वाचवतं. पुणे–सिंधुदुर्गसारखं ३०० किलोमीटरच्या आतलं अंतर घेतलं तर फरक आणखी घटून काही मिनिटांवर येतो, आणि एटीआर कितीतरी कमी इंधनात तेच काम करतं. जेट म्हणजे चांगलं आणि पंख्याचं म्हणजे जुनाट, हा समज मला म्हणूनच चुकीचा वाटतो. आखूड पल्ल्यासाठी पंख्याचं विमान विचारपूर्वक निवडलेलं असतं.

धावपट्टीची दिशा

यानंतर येते वाऱ्याची आणि धावपट्टीच्या दिशेची गोष्ट, आणि कोल्हापूर–नागपूर जोडीत ती खास आहे.

विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उडतं आणि समोरूनच उतरतं, कारण त्यामुळे कमी धावपट्टीत काम होतं. धावपट्टीच्या टोकाला लिहिलेला आकडा म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचं शून्य काढून. कोल्हापूरची धावपट्टी ०७ आणि २५ अशी आहे, म्हणजे एका बाजूने ७० अंश, दुसऱ्या बाजूने २५० अंश. नागपूर कोल्हापूरहून ४५ अंशांवर. वारा पूर्वेचा असेल तर विमान ०७ वरून उडतं, डावीकडे जरासं वळतं आणि वाटेला लागतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. तेव्हा ते २५ वरून, म्हणजे नागपूरकडे पाठ करून उडतं आणि वर गेल्यावर जवळजवळ अर्धं वळून मागे येतं. तीन-चार मिनिटं तिथेच गेली.

नागपूरला तर सुटकाच नाही. तिथली धावपट्टी १४ आणि ३२, म्हणजे १४० आणि ३२० अंश. विमान येतं ४५ अंशांच्या दिशेने. धावपट्टी त्याच्या वाटेला जवळजवळ काटकोनात आडवी आहे. वारा कुठूनही असो, वर्ध्याकडून आलेल्या विमानाला सरळ येऊन टेकता येत नाही. ३२ वापरात असेल तर शहराच्या दक्षिणेकडून पुढे आग्नेयेला जाऊन डावीकडे वळायचं, १४ असेल तर वायव्येला जाऊन उजवीकडे. विमानतळ खिडकीतून दिसू लागल्यावरही विमान इतका वेळ हवेत का राहतं, असं वाटतं ना? पुष्कळदा हे वळण त्याला कारण असतं. आधी आलेली दोन-तीन विमानं रांगेत असतील तर आणखी काही मिनिटं.

वरचा वारा

वरच्या वाऱ्याचं गणित ऋतूनुसार उलटतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. उत्तर भारतावर तो फार जोरकस असतो, महाराष्ट्रावर त्या मानाने सौम्य. ५० नॉटचा पश्चिमवारा धरला तर ईशान्येला जाणाऱ्या विमानाला त्यातला ३५ नॉटचा धक्का मागून मिळतो. नागपूरला जाताना तीन-चार मिनिटं वाचतात, परतताना तेवढीच जास्त लागतात. पावसाळ्यात खाली जमिनीजवळ पश्चिमेचा वारा घोंघावत असतो, पण जेटच्या उंचीवर मात्र वारा पूर्वेकडून येतो. म्हणजे जुलैत नागपूरला जाताना वारा विरोध करतो आणि परतताना साथ देतो. आखूड मार्गावर हा फरक मिनिटांचा आहे. युरोप-अमेरिकेच्या उड्डाणांत तो तासाच्या घरात जातो.

यावर एक प्रश्न नेहमी विचारला जातो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पूर्वेला जाणाऱ्या विमानाला नागपूर पुढे पळताना दिसायला नको का? महाराष्ट्राच्या पट्ट्यात जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते आहे, म्हणजे विमानाच्या दुप्पट वेगाने. पण हवाही तिच्यासोबतच सरकते, आणि उड्डाणापूर्वी उभं असलेलं विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणारी माशी जशी डब्याच्या मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच हे. फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती हलते याचा, आणि ते म्हणजे वारा.

घड्याळ कधी सुरू होतं

तिकिटावर छापलेली वेळ उडण्याची नसते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि मुक्कामी जागेवर उभं राहून ठोकळे लागले की थांबतं. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर रस्ता नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जाऊन तिथे मागे वळावं लागतं, आणि तोवर दुसरं विमान उतरू शकत नाही. मोठ्या विमानतळावर रांग असते. दोन्हीकडचे मिळून १०-१५ मिनिटं धरा. शिवाय कंपनी थोडी जास्तीची मिनिटं राखून ठेवते, कारण विमान १५ मिनिटांच्या आत असेल तरच ते वेळेवर धरलं जातं. म्हणूनच कधीकधी उशिरा निघालेलं विमानही वेळेवर पोहोचतं.

सरकारी धोरणातही अंतर आणि वेळ यांची अशीच सांगड घातलेली दिसते. लहान शहरं विमानाने जोडणारी केंद्र सरकारची उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला तिची पहिली उड्डाणं झाली. त्यांत नांदेड–हैदराबादही होतं. या योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. तासाला ५०० किलोमीटर म्हणजे पंख्याच्या विमानाचा वेग. करोनाच्या टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा भाड्याचे सात गट केले गेले, आणि ते किलोमीटरवर नाही तर उड्डाणाच्या मिनिटांवर: ४० मिनिटांच्या आत, ४० ते ६०, ६० ते ९० असे पुढे.

तुम्हाला दुसऱ्या कुठल्या जोडीचा अंदाज काढायचा असेल तर सरळ अंतरात पाच टक्के मिळवा. जेट असेल तर येणाऱ्या आकड्याला साडेतेराने भागा आणि ३० मिळवा. एटीआर असेल तर साडेआठने भागा आणि २५ मिळवा. उत्तर मिनिटांत येतं. कोल्हापूर–नागपूर जेटने ८५ मिनिटं, एटीआरने ११२. पुणे–सिंधुदुर्ग एटीआरने तासभर. इंटरनेटवर अंतर मोजून देणारी बरीच साधनं सगळ्याच विमानांना ताशी ८०० किलोमीटरचा वेग आणि वर अर्धा तास असा एकच ठोकताळा लावतात. जेटसाठी तो बरोबर निघतो, पंख्याच्या विमानासाठी साफ चुकतो. तेव्हा आधी विमान कोणतं ते तिकिटावर पाहा.

प्रादेशिक मार्गांवरच्या सेवा सुरू होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात. थेट विमान नसेल तेव्हा कोल्हापूरकर सवयीने मुंबईमार्गे जायचं ठरवतो. कोल्हापूर–मुंबई सरळ अंतर सुमारे ३०८ किलोमीटर, मुंबई–नागपूर सुमारे ६८३, एकूण ९९१. हैदराबादमार्गे गेलं तर पहिला टप्पा ४४५ आणि दुसरा ४३३, एकूण ८७८. शंभराहून अधिक किलोमीटर कमी. पण बदलाच्या प्रवासात दोन चढणी, दोन उतरणी आणि मधला थांबा असतो, त्यामुळे निर्णय अंतरावर नाही, मधल्या थांब्यावर घ्यायचा. दोन विमानांमध्ये दीड-दोन तास असतील आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी आपल्यावर येते. अशा वेळी मध्ये किमान तीन तास ठेवा, आणि नागपूरला त्याच दिवशी कोर्टाची तारीख किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच निघा.